तात्यांचं पिवळं पान

काटेवाडीचे तात्या वेबसाइट बसून बघत नाहीत. भर दुपारी, उसाच्या बांधावर, डोक्यावरची टोपी काढून, उभं राहून बघतात. चष्मा सदऱ्याच्या खिशात घालायचा, फोन हातभर लांब धरायचा, आणि निकाल द्यायचा. निकाल ठरलेला. "पोरी, अक्षर उपाशी हाय!"

ही पोरी म्हणजे मी. बारामतीत माझं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि खालच्या भजीवाल्याचा वास. डेअरीवाले, ठिबकवाले, मंगल कार्यालयं, सगळ्यांची पानं मी केली, पण एकानंही मला कधी बांधावर उभं केलं नाही. तात्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. "आमचं बी एक पान कर," म्हणाले आणि मी हो म्हणाले. काय अवदसा आठवली मला, कोण जाणे!

उपाशी अक्षर म्हणजे फिकट अक्षर. पांढऱ्यावर राखाडी दिसलं की तात्यांचा पारा चढतो. एकदा बँकेत जाऊन त्यांनी काउंटरवर फोन आपटला. "तुमची अक्षरं जेवली न्हाईत व्हय?" काउंटरवरची मुलगी बिचारी स्वतःचा डबा लपवायला लागली.

इंदापूरच्या लग्नाचा तर कहरच. पत्रिका फोनवर आलेली, मरून रंगावर सोनेरी अक्षरं. तात्यांनी ती उन्हात धरली, दिसलं तेवढं वाचलं, आणि भलत्याच कार्यालयात जाऊन, भलत्याच नवऱ्या मुलाच्या बापाला टॉवेल-टोपीचा आहेर करून, बुंदी खाऊन आले. वर ज्यांच्या लग्नाला जायचं होतं त्यांनाच फोन करून झापलं. "सोनं अंगावर घालायचं असतंय, अक्षराला न्हाय!"

आणि इंदापूरला जायचं तेही कसं? बारामतीहून सरळ रस्ता आहे. पण हा माणूस भिगवणला वळसा घालून जातो, एसटीनं, खिडकीची जागा धरून. का, तर "तिकडची हवा बरी असती." हायवेवर ट्रकच्या धुराशिवाय कसली हवा आहे, तुम्हीच सांगा!

कुणाला वाटेल, तात्यांना रंगातलं फार कळत असेल. छे! पहिल्यांदा त्यांनी निळ्यावर लाल अक्षरं मागितली. केली. जरा वेळ बघून स्वतःच बांधावर खाली बसले, "गरगरतंय" म्हणाले, आणि दोष मला. मग पोपटीवर गुलाबी झालं. शेवटी गाडी थांबली ती हळदीसारख्या पिवळ्या पानावर आणि त्यावरच्या काळ्याकुट्ट, सुपारीएवढ्या अक्षरांवर. फोनवर एका वेळी जेमतेम दीड वाक्य मावतं.

बरं, ते वाक्य तरी कामाचं असावं? रोपांच्या जाती, बुकिंगचा नंबर, सगळं खाली. वर 'आजची खबर'. ही ओळ तात्या रोज स्वतः टाकतात. 'कपिली याली. कालवड झाली, कपाळावर चांद हाय.' 'विहिरीवरल्या आंब्याला औंदा मोहर दांडगा.' 'गुडघा आता बरा हाय.' अहो, उसाची रोपं न्यायला आलेल्या माणसाला तुमच्या गुडघ्याचं काय करायचंय? मी तोंडावर विचारलं.

"ज्याला करायचंय तो करंल," म्हणाले.

पानाच्या तळाशी 'निर्मिती' म्हणून माझं नाव आहे. लाजेनं मी ते बारीक आणि फिकट राखाडी करून टाकलं होतं. तरी लोक शोधून काढतात! "ते पिवळं पान तुमचंच ना?" असं विचारून एका मंगल कार्यालयानं ठरलेलं काम काढून घेतलं. माझ्या पोटावर पाय आल्यावर मी गप्प बसेन होय? तात्यांना न विचारता मी पान बदललं. गर्द हिरवं पान, सायीच्या रंगाची सुबक अक्षरं. पानाचा रंग आणि अक्षराचा रंग यांच्यातला फरक मोजायचं एक साधन असतं, त्यातही चांगले गुण पडले. मी खूश!

दोन दिवसांनी तात्या दुकानात हजर. "मॅडम!"

रागावले की मी मॅडम होते. मी गुण दाखवले.

"गुणाला डोळं असत्यात व्हय? चला भाईर."

मला रस्त्यावर उन्हात उभं केलं आणि फोन समोर धरला. "वाचा." त्या गर्द काचेत मला माझंच घामेजलेलं तोंड दिसत होतं.

"तात्या, सावलीत धरा की! गिऱ्हाईक काय उन्हात तळत रोपं मागवतं?"

"सावलीत धरता आलं असतं तर तुमच्या मागं लागलो असतो का?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. चहा घेतला नाही, भजी घेतली नाहीत. पान पुन्हा पिवळं होईपर्यंत पायरीवर बसून राहिले. मी केलं पिवळं. दातओठ खाऊन केलं.

पुढच्या आठवड्यात भिगवणहून बोलावणं आलं. हायवेला लागून मासळीच्या थाळीचं हॉटेल, मालकाला वेबसाइट हवी होती. त्याचा पहिलाच प्रश्न, "काटेवाडीचं पिवळं पान तुमीच केलंय का?"

गेलं हेही काम, म्हणून मी पर्स उचलली.

"न्हाय न्हाय, बसा. आमच्या आईला भेटायचं हाय तुमाला."

आई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, बाहेर रस्त्याच्या कडेला बाजेवर लसूण सोलत बसल्या होत्या. आत पत्र्याखाली रेंज येत नाही, म्हणून दुपारी हातातलं काम आणि फोन घेऊन त्या उन्हात येऊन बसतात, मुलगा म्हणाला. डोळे अधू, चष्म्यानंही भागत नाही. मग हळूच म्हणाला, "काटेवाडीचं तात्या माझं मामा. जमिनीच्या वाटणीवरनं आईचं न् त्यांचं फाटलं. मी शाळंत व्हतो तवापासनं बोलत न्हाईत."

अक्कांनी फोन हातभर लांब धरला. अगदी तसाच! पिवळ्या पानावरची ओळ बोटानं लावत वाचली. "कालवड उड्या माराय लागली." गालात हसल्या.

"मधी दोन दिस पान गडद झालं व्हतं, बाई. माझंच तोंड दिसायचं त्यात. मला वाटलं, बाळूनं लिवायचं बंद केलं."

बाळू! सगळी काटेवाडी ज्यांना टरकते ते तात्या, बाळू! मला हसावं की रडावं कळेना.

"त्याला सांगू नगंस हं," अक्का म्हणाल्या, "मी बघती म्हून."

परत येताना मी रागानं नुसती धुमसत होते. अरे, तोंड उघडून बोलायला काय झालं होतं या माणसाला? एसटीच्या खिडकीतून, उन्हात फोन धरून बसलेल्या बहिणीला बघत जातात आणि स्टॉपवर उतरत नाहीत! गुडघ्याची खबर अख्ख्या जगाला सांगतात, पण एक फोन करत नाहीत! आणि मला, जिनं ते पान केलं तिलाही, एका शब्दानं सांगितलं नाही! भांडायचंच, असं ठरवून मी तडक नर्सरीवर गेले.

तात्या रोपांना पाणी देत होते.

"भिगवणला गेले होते," मी म्हणाले.

तात्यांनी मान वर केली नाही. पाइप एकाच ट्रेवर धरलेला, ट्रे भरून पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं. म्हणाले, "उन्हात दिसतंय का?"

"दिसतंय."

"चष्म्याबिगर?"

"चष्म्याबिगर."

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "ऊन लई हाय," म्हणाले. ऊन केव्हाच कललं होतं. मग माझ्याकडे पाठ करून पुढच्या ट्रेवर पाइप नेला.

"पोरी, पानाच्या तळाला तुझं नाव लई उपाशी हाय. त्याला बी जेवू घाल जरा."

त्याच संध्याकाळी घातलं. काळंकुट्ट, सुपारीएवढं.