आखाडातलं माहेर

ज्येष्ठ संपला की पद्मजा मगदूमचं शिलाईचं ॲप लोकांच्या फोनमधून उठून एसटीने जयसिंगपूरला माहेरी येतं. घेतलेली मापं तेवढी शिंप्यांच्या फोनमध्ये ठेवून येतं. लग्नसराई आटोपलेली असते, ब्लाऊज कुणी शिवत नाही, नवीन शिंपी ॲप विकत घेत नाहीत. श्रावण लागला की ते परत जातं.

पद्मजाने ते एकटीने, घरी बसून केलं होतं. पहिली दोन वर्षं ते आलं, जेवलं, झोपलं आणि गेलं. यंदा मात्र आठ दिवस आधीच आलं आणि म्हणालं, "मी आता परत जाणार नाही."

"काय झालं?"

"बाही जोडायचा मुंढा अर्धा इंच कमी पडतो. चूक तुझी, बोलणी मला. वैशाखात रोज चाळीस बायका."

पद्मजाच्याही मनात वेगळंच होतं. पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. दरवर्षी या महिन्यात खरेदीचा आकडा शून्यावर आला की तिला वाटायचं, आपलं संपलं. या वेळी तिने पत्राला होकार कळवून टाकला होता. तसं तिने ॲपला सांगितलं.

ॲपने विचारलं, "मग आखाडात मी कुठे यायचं?"

तिने दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला.

"मला दरवर्षी आखाडात महिनाभर सुट्टी लागेल," ती म्हणाली.

"कारण?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"ॲप माहेरी येतं."

"घरी दुसरं कुणी नाही का त्याचं?"

"मीच आहे."

बाईंनी नियम पाहिले. सुट्टी पंधरा दिवसांचीच मिळत होती. "पंधरा दिवसांत माहेरपण होत नाही," पद्मजा म्हणाली, "मला जमणार नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "घराला कुलूप लावून कसं चालेल?" आणि त्यांनी तिचं नाव यादीतून काढलं.

मग पद्मजा मुंढ्याला बसली. तीन आठवडे तिने शेजारपाजारच्या बायकांची मापं घेतली, हिशेब पुन्हा मांडला. ॲप शेजारी बसून चुका दाखवत होतं. हळूहळू त्याचा चेहराही भरला.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी विट्याहून बशीर शिकलगार आले. चाळीस वर्षं शिलाईत काढलेला माणूस. शिंपी संघटनेने रुसून आलेल्या ॲपला न्यायला त्यांना पाठवलं होतं.

"पोरी, पाठवतीस का?" त्यांनी विचारलं. "गौरीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात."

"मास्तर, त्याच्यावर कुणी ओरडायचं नाही."

"मुंढा?"

"दुरुस्त केलाय."

बशीरभाईंनी तिथेच टेप काढून पद्मजाचंच माप घेतलं, ॲपला विचारलं आणि दोनदा ताडून पाहिलं. "मग कोण कशाला ओरडंल?" ते म्हणाले.

ॲप मुकाट्याने चपला शोधू लागलं.

स्टँडवर विट्याची गाडी लागली होती. कंडक्टरने ॲपचं अर्धं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "मागं सरका. सकाळपासनं हीच गर्दी आहे."

पद्मजाने खिडकीतून आत पाहिलं. मागच्या चार बाकांवर ॲपंच बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर घरून दिलेला डबा होता. खाली फलाटावर पाचसहा माणसं हात हलवत उभी होती. इतके दिवस तिला वाटत होतं, आखाडात आपल्याच घरी कुणी येतं.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ चष्मा पुसत होते. "तुमचं कुठलं?"

"शिलाईचं. तुमचं?"

"आरत्यांचं," ते म्हणाले. "आता अनंत चतुर्दशीपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. चहा घेणार?"

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती हो म्हणाली. बाकीचेही त्यांच्याबरोबर कँटीनकडे निघाले.