पहिला गिअर

क्षिप्रानं मोदकपात्राचं झाकण उचललं, तर आत मोदकांच्या जागी पिस्टन बसला होता. खाली साबणाचं पाणी उकळत होतं.

"सलिल, हे काय आहे?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही; चढवण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते.

"कार्बन सुटतोय त्याचा," पडवीतून उत्तर आलं. "जरा थांब."

दिवेआगरच्या त्या घरात हल्ली सगळ्यांनाच जरा थांबावं लागत होतं. सलिल शाळेत भूगोल शिकवायचा आणि क्षिप्रा वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायची. बरं चाललं होतं. मग तिच्या वडिलांनी, म्हणजे मुरूडच्या भाऊंनी, आपली जुनी राजदूत मोटरसायकल भंगारात काढायचं ठरवलं आणि सलिल मध्ये पडला. "मी घरीच उभी करतो, भाऊ. मोबाइलवर सगळं दाखवतात."

"करा," भाऊ म्हणाले होते. "पण मला तिच्यावर बसवून समुद्रावर नेलंत तर खरं. नाहीतर ती भंगारातच जाईल."

मोबाइलवर गाडी खोलायचं फार छान दाखवलं होतं. सलिलनं एका रविवारी ती सगळी खोलली. तेव्हापासून पेट्रोलची टाकी देवघरासमोर होती आणि सायलेन्सर पाहुण्यांच्या पलंगाखाली. पुण्याच्या एका बाईंना साबणाच्या डबीत स्प्रिंग मिळाली. इथली आठवण म्हणून दिली असेल, असं समजून त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि क्षिप्राला एसटी स्टँडपर्यंत धावावं लागलं.

"क्लचच्या प्लेटा कुठं आहेत गं?"

"पोह्यांच्या डब्यामागं."

"मी तिथं ठेवल्या?"

"नाही. तू पोह्यांच्या डब्यात ठेवल्या होत्यास."

गाडी म्हसळ्याच्या गॅरेजात नेऊन टाक, तुला हे जमायचं नाही, असं ती रोज सांगायची. सलिल रोज मान हलवायचा आणि तिच्या हातात काहीतरी धरायला द्यायचा. नाइलाजानं ती धरायची. घासायचीही, कारण तो घासायचा तेव्हा काळं पाणी थेट स्वयंपाकघरात यायचं.

अशात भाऊंचा फोन आला, की रविवारी येतो. सलिलनं आठवडाभर खाणंपिणं विसरून गाडी जोडली.

भाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून फेरीबोटीनं आले. गाडी पाहून "रंग बरा दिलाय" एवढंच म्हणाले. सलिलनं किक मारायला सुरुवात केली. बराच वेळ नुसती किकच चालली. मग किकनं उलटा तडाखा दिला, सलिल पोटरी धरून कळवळला आणि गाडी धडधडायला लागली. पोफळींतून निळा धूर वर चढला. सलिलच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पोटरीमुळं की आनंदानं, हे क्षिप्राला कळलं नाही.

"बसा, भाऊ," तो म्हणाला.

भाऊ मागं बसले. घराच्या कडेनं वाडीतून समुद्राकडे वाट जात होती, तिकडेच गाडीचं तोंड होतं. सलिलनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं निघाली.

"सलिलराव," भाऊ शांतपणे म्हणाले, "समुद्र पुढं आहे."

"उतार आहे भाऊ, म्हणून घसरतेय," सलिल म्हणाला आणि त्यानं रेस वाढवली.

गाडी आणखी जोरात मागं गेली. उतार भारी आहे असं समजून सलिलनं आणखी रेस दिली. ब्रेक दाबायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. क्षिप्रा पायरीवर उभी होती. नवरा आणि वडील दोघंही तिच्याकडे तोंड करून बसले होते आणि दोघंही लांब लांब चालले होते. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडून समोरच्या नीराबाईंच्या अंगणात शिरली, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवरून गेली आणि झावळ्यांच्या ढिगात जाऊन बंद पडली.

नीराबाई सूप घेऊन बाहेर आल्या. "सर, गाडी वळवून आणायची न्हाय व्हय? उलटं कशाला आलात?"

"ठिणगीचं टायमिंग चुकलं असणार," झावळ्यांतून बाहेर येत सलिल म्हणाला. "अशा इंजिनाचं टायमिंग चुकलं तर ते उलटंही फिरतं."

"इंजिनाचं राहू द्या," सदऱ्याच्या खिशातून सुपारी काढत भाऊ म्हणाले. "उद्या टेम्पो पाठवतो. म्हसळ्याच्या गॅरेजात टाकू, नाहीतर भंगारात. तुम्हाला हे जमायचं नाही."

सलिलनं मान खाली घातली. भाऊ जे बोलले ते क्षिप्रा रोज बोलत होती. हो म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"टेम्पो नको," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली.

"का?"

"तुमच्याकडे इतकी वर्षं उभी होती, सुरू झाली कधी? इथं झाली. दिशा चुकली, तेवढी बघू." मग तिचा आवाज चढलाच. "तो पिस्टन मी घासलाय, भाऊ. गाडी कुठंही जाणार नाही."

भाऊंनी मुलीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि नीराबाईंकडे पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी सकाळी सलिल पडवीत आला. "अगं, पाहुणे आलेत. खोली दाखवतेस ना?"

"तू दाखव," गाडीपाशी मांडी घालून बसलेली क्षिप्रा म्हणाली. तिच्या तोंडात स्क्रू ड्रायव्हर होता. तो काढून ती पुढं म्हणाली, "आणि नाश्त्याला काहीतरी कर. माझे हात ग्रीसचे आहेत."

"पण टायमिंग मी लावणार होतो."

"तू लावलंस तेव्हा भाऊ नीराबाईंकडे गेले."

सलिलनं खिशातला पाना काढून तिच्याजवळ ठेवला. मग आत जाऊन त्यानं कांदा चिरायला घेतला.