शमुवेल मामांची मानाची जळजळ

आजाराची प्रतिष्ठा त्याच्या त्रासावर नव्हे, धोक्यावर ठरते, हे जगन्मान्य तत्त्व आहे. छातीत कळ आली की नारळपाणी येतं. जळजळ झाली तर ‘सोडा प्या’ एवढा सल्ला मिळतो. (तोही उभ्याउभ्या.)

शिरूरचे शमुवेल मामा या तत्त्वाने पोळलेले होते. दौंडच्या याकोबभाऊजींची, म्हणजे त्यांच्या मेहुण्यांची, बायपास झालेली. त्यामुळे प्रत्येक कार्यात भाऊजी पुढच्या खुर्चीवर, पाळकसाहेबांशेजारी, पाठीला उशी लावून. आणि निरोगी मामा मागे, वाकड्या पायाच्या खुर्चीवर.

नाताळच्या जेवणात मटणाच्या तिसऱ्या वाढपानंतर मामांच्या छातीत आग उसळली. कृपाबाईंनी नवऱ्याला रिक्षात घालून दवाखाना गाठला आणि वाटेतूनच फोन लावले. दौंडहून दोन जीपा सुटल्या. मामा घाबरले होते, हे खरं. पण भाऊजीही येतायत हे कळल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर मोनाली हसत आल्या. “हृदय ठणठणीत आहे, मामा. पोटातलं आम्ल वर येतंय.”

“म्हंजी अ‍ॅसिडिटी?” मामांचा चेहरा पडला. “बाई, दोन जीपा निघाल्यात हो!”

“हलक्यात घेऊ नका. पथ्य पाळलंत तर पुढची वर्षं मजेत जातील. नाही पाळलंत तर अन्ननलिकेला जखमा होतील, घास उतरायचा नाही.”

मामा उठून बसले. “मग याचं एखादं मोठं नाव आसंल की.”

“गॅस्ट्रोइसोफेजियल रिफ्लक्स डिसीज.”

मामांनी ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. नातलग आत आले तेव्हा ते क्षीण आवाजात एवढंच बोलले, “डिसीज हाय. जल्मभर सांभाळायचा.” भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढली. पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली.

उन्हाळ्यात इवाच्या, म्हणजे पुतणीच्या, लग्नात मामांना पुढची खुर्ची मिळाली, उशीसकट. ताटात मात्र मऊ भात आणि दुधी. शेजारी भाऊजी मटणाची नळी चोखत होते. (बायपास जुनी झाली की पथ्यही जुनं होतं.) मामांचा हात हळूच रश्श्याकडे सरकला.

“आवो, घास उतरायचा न्हाई!” कृपाबाई बायकांच्या पंगतीतून ओरडल्या. अख्खा मांडव वळून पाहू लागला. मामांनी हात मागे घेतला. मांडवभर नजर हे फार गुणकारी औषध आहे. ते अजून बाटलीत मिळत नाही, एवढंच.

पावसाळा सरेपर्यंत पोट उतरलं, जळजळ गेली, झोप लागू लागली.

“मामा, गोळ्या बंद करू या,” डॉक्टर म्हणाल्या. “पथ्य ठेवा. पण आता तुम्ही बरे आहात.”

मामा दचकले. “हळू बोला की! भाईर बायको बसलीय.”

“अहो, चांगली बातमी आहे ही.”

“आसू द्या. तुमच्या-माझ्यातच ऱ्हाऊ द्या.”

मामा आजही दुधी खातात, निवांत झोपतात आणि विचारणाऱ्याला उसासा टाकून सांगतात, “चाललंय कसंतरी.” पथ्याला श्रद्धेपेक्षा मानाचा टेकू भक्कम असतो, एवढाच यातून निष्कर्ष.

वाचकहो, मामांना खुशाल हसा. फक्त कुणीही विचारलेलं नसताना आपल्या पित्ताची हकिगत आपण या आठवड्यात किती जणांना ऐकवली, तेवढं आठवून मग हसा.