त्र्याण्णव व्होल्टची गल्ली

माणसाला माणसाशी नेमकं काय जोडतं, यावर आजवर लई मोठ्या लोकांनी विचार केलेला आहे. कुणी म्हणलं रक्त, कुणी म्हणलं भाषा. जात तर न विचारताच सगळ्यांनी सांगितली. मी अहमदपुरात सहा वर्षं केबलचं काम करतो. माझ्या बघण्यात माणसाला माणसाशी केबल जोडते.

पुरावा देतो. आमच्या गावात एका गल्लीतली पाच घरं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, पण पाचही घरांत एकच करंट फिरत होता.

आधी केबल काय असती ते सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मधी तांब्याची तार. तिच्यावर पांढरा फोम. फोमवर बारीक जाळी. वरून काळं आवरण. तारेतून चित्र जातं, आवाज जातो, सासू-सुनेची भांडणं जातात. जाळीनं फक्त तार राखायची. जाळीतून घरातली लाईट जायची नसती. (कंपनीच्या पुस्तिकेत हे वाक्य ठळक छापलं आहे. पुस्तिका ऑफिसात कपाटात आहे. चावी नांदेडला.)

आता जोड. दोन वायरी एकमेकींना जोडायची आमच्याकडं एक पारंपरिक पद्धत आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. वायर दातानं सोलायची. तारेला तार पिळायची. जाळीला जाळी पिळायची, कंटाळा आला तर राहू द्यायची. वरून चिकटपट्टी. चिकटपट्टी नसंल तर दुधाची पिशवी, धुतलेली असली तर उत्तम. मी स्वतः अहमदपुरातले २१४ जोड मोजले. त्यातले १३१ दुधाच्या पिशवीत, ४० चिकटपट्टीत, ३८ उघडे, ४ सायकलच्या ट्यूबमधी आणि एक अगदी नियमाप्रमाणं. तो नंतर टेलिफोनचा निघाला.

असं सगळं सुरळीत चालू असताना कंपनीनं 'ग्राहक-परिसर सुरक्षित जोडणी अभियान' काढलं. अभियान उत्तम आहे. अकरा मुद्द्यांचा फॉर्म आहे. मुद्दा एक, जोड बघणे. मुद्दा दोन, जोड बघितल्याचा फोटो काढणे. मुद्दा तीन, फोटोत कारागिराच्या डोक्यावर हेल्मेट असणे. हेल्मेट एकच आहे. ते सोमवारी मुखेडला असतं, मंगळवारी सकाळच्या एसटीनं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून अहमदपूरला येतं, बुधवारी पुढं जातं. त्यामुळं अहमदपुरात सुरक्षितता दर मंगळवारी असते. बाकी सहा दिवस आम्ही नुसतं काम करतो.

तर अशाच एका मंगळवारी, यंदाच्या मे महिन्यात, मला तक्रार आली. ग्राहक गुरम्मा, चित्र अडकतंय. अकराव्यांदा.

गेलो. टीव्ही चालू. चित्र इतकं साफ की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले खडे मोजता येत होते. मी टीव्हीच्या मागं हात घातला, वायर धरली, आणि खाली बसलो. बसायचा माझा विचार नव्हता.

मीटर लावला. जाळीवर त्र्याण्णव व्होल्ट.

"आजी, ह्या वायरीत करंट हाय!"

गुरम्मा आजी बाजेवर लसूण सोलत होत्या. त्यांनी वरबी बघितलं नाही. "हाय की. चार वर्षं झाली."

"मग?"

"मग काय, गुडघ्याला बरं वाटतंय. सकाळी दोन मिनिट धरते. आधी उठता येत नव्हतं मला, आता बघ." त्या उठून दाखवायला लागल्या.

मी म्हणलं, "आजी, ऱ्हाऊ द्या."

चौकशीअंती असं निष्पन्न झालं की हा उपचार फक्त घरापुरता नव्हता. मागच्या गल्लीतल्या दोन बाया सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. चप्पल घालून धरली तर साधा डोस, एक पाय काढला तर जादा. हे प्रमाण त्यांनी स्वतः शोधून काढलेलं होतं. आजी कुणाकडून काही घेत नव्हत्या. आमच्या भागात इतकी माफक आणि वेळेवर मिळणारी दुसरी सेवा माझ्या माहितीत नाही.

मी अंगणात आलो. खांबावरून येणारी मेन वायर आजींच्या अंगणावरून आडवी जाते, आणि तिच्यावर कपडे वाळत होते. याला नवल म्हणू नका. अहमदपुरातल्या केबलचं निम्मं आयुष्य कपडे वाळवण्यात जातं. बादलीजवळ आजींची सून उभी होती, उज्वलावहिनी. नवरा पुण्याला कंपनीत. हातात पिळलेला टॉवेल होता आणि ती तो वायरीवर लांबून फेकत होती. फेकायची, मागं सरकायची. फेकायची, मागं सरकायची. चार वर्षांचा सराव दिसत होता.

"तक्रार मी केली होती," ती हळू म्हणाली.

"पण वहिनी, चित्र तर येऊलालंय."

"चित्र येत नसंल तर एक दाबा म्हणते ती तक्रारीच्या फोनवरची बाई. आवाज नसंल तर दोन. चॅनेल वाढवायचे तर तीन. वायर चावत असंल तर किती दाबायचं, ते सांगतच न्हाई. म्हणून एक दाबला."

"दोरी का बांधत न्हाई दुसरी?"

आतून आवाज आला, "तार असताना दोरी कशाला गं?"

वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, "हे असं. परवा ओली चादर टाकली तर कोपरापर्यंत हिसका आला. भाऊ, एखाद्या दिवशी मी चिकटून बसंन अन् ह्या म्हणतील, बघा, सूनबाईचेबी गुडघे दुखायलेत वाटतं."

मी मुद्दा चार वाचला. 'तपासणी कोरड्या स्थितीत करावी.' कपडे ओले, हात ओले, फरशी ओली. कोरडे कपडे कुणी वाळत घालत नाही, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. त्याचे कपडे दुसरं कुणी धूत असणार.

करंट कुठून येतोय ते शोधायला पाच मिनिटं लागली. शेजारी बसवराज अण्णांचं घर. त्यांच्या खिडकीत लोखंडी कूलर. कूलरच्या स्टँडला साडीच्या चिंधीनं आमचा स्प्लिटर बांधलेला, म्हणजे ती छोटी डबी जिच्यातून एका वायरीच्या पाच वायरी होतात. बांधणारा कारागीर कोण होता, याची माहिती कंपनीकडं उपलब्ध नाही. (मी नव्हतो. तेव्हा मी सुट्टीवर होतो. बहुतेक.) कूलरच्या पत्र्याला करंट उतरलेला. पत्र्यातून स्टँड, स्टँडमधून डबी, डबीतून जाळी, जाळीतून पाच घरं आणि एक अंगण. कूलरमधी पाणी भरलं की आकडा अजून वाढायचा.

कूलर चावतो हे अण्णांना माहीत नव्हतं, असं नाही. कूलरशेजारी एक रबरी चप्पल कायम ठेवलेली होती. बटन दाबायचं तर ती घालायची. पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात, मग चप्पल दाखवतात. हे आमच्याकडं घरोघर चालतं आणि याला आम्ही विजेची काळजी घेणं म्हणतो.

"अण्णा, तुमच्या कूलरचा करंट पाच घरात फिरलालाय."

अण्णांनी पान तोंडात एका बाजूला सारलं. "माझ्या मीटरवरनं जातोय का?"

"हाव."

"म्हंजे बिल माझं, अन् लोकं फुकट घेऊलालेत. मग तक्रार कुणी करायची? मी का त्यांनी?"

मी मीटर गुंडाळून खिशात घातला.

उपाय सोपा होता. डबी स्टँडवरून सोडायची, तीन फूट बाजूला भिंतीवर प्लास्टिकच्या पेटीत बसवायची, सगळे जोड नव्यानं करायचे. काम दोन तासांचं. पण मुद्दा सात असा आहे: 'सेवा खंडित करण्यापूर्वी सर्व बाधित ग्राहकांची लेखी संमती घ्यावी.' पाच घरं, दोन तास टीव्ही बंद. मी वही घेऊन फिरलो. संकलित माहिती खालीलप्रमाणे:

गुरम्मा आजी: संध्याकाळी सात ते दहा जमणार नाही, सकाळी कीर्तन असतं, दुपारी सात ते दहाचंच परत दाखवतात.
बसवराज अण्णा: मॅच. मॅच नसंल तर जुनी मॅच.
महादेवप्पा, रिटायर मास्तर: बातम्या. "देशात काय चाललंय ते दोन तास कळलं न्हाई तर?" (मी विचारलं, कळल्यावर तुम्ही काय करता. ते म्हणाले, बघतो.)
टेलर: टीव्ही चालू नसंल तर हात चालत नाही.
पाचवं घर: कुलूप, पण आत टीव्ही चालू. चोर येऊ नये म्हणून.

तीन आठवडे हे गणित मांडलं. पाचही घरांना चालंल अशी एकच वेळ निघाली, मंगळवारी पहाटे पाच. तेव्हा हेल्मेट मुखेडहून निघालेलं नसतं.

मी नांदेडला आनंदराज साहेबांना फोन लावला. साहेब अभियानाचे प्रमुख. माणूस चांगला, कुणाचा फोन कट करत नाही, फक्त बाजूला ठेवतो.

"साहेब, जीवाला धोका हाय तिथं. संमतीबिगर लाईन बंद करू का?"

"धोक्याचा रकाना कुठं आहे फॉर्ममध्ये?"

"न्हाई साहेब."

"मग 'इतर'मध्ये लिही. वीस अक्षरांत."

मी लिहिलं: बाईला करंट बसतो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. बाईचा ग्राहक क्रमांक काय? क्रमांक नव्हता. कनेक्शन सासूच्या नावावर. म्हणजे उज्वलावहिनी ग्राहक नाही, त्यामुळं तिला ग्राहक-परिसरात बसलेला करंट हा ग्राहकाला बसलेला करंट होत नाही. मग कंपनीनं खऱ्या ग्राहकाला फोन करून विचारलं, आपण सेवेबद्दल समाधानी आहात का? गुरम्मा आजी म्हणाल्या, लई. गुडघे सुधारले.

तक्रार बंद. शेरा, उत्कृष्ट.

मी हे वहिनीला सांगायला गेलो. ती अंगणात पाणी मारत होती. ऐकून घेतलं. फक्त एवढंच म्हणाली, "टीव्ही बंद पडल्याशिवाय कुणी येत न्हाई, असंच ना?"

"नियम तसाच हाय, वहिनी."

"बरं."

रविवारी दुपारी तीन चाळीसला, मॅच ऐन रंगात आलेली, कूलर नुकताच भरलेला, आणि उज्वलावहिनीनं वायरीवरचे कपडे काढून घेतले, लोखंडी कात्री आणली, आणि अंगणावरची वायर मधोमध कापली.

पाचही घरं एकदम गप्प.

तीन एकेचाळीसला मला पहिला फोन आला. पुढच्या नऊ मिनिटांत चौदा. मी पोचलो तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर होती. महादेवप्पा मास्तर गंजीफ्रॉकवर. टेलर गळ्यात टेप घेऊन. कुलूपवाल्या घराचा मालक उदगीरहून फोनवर विचारत होता, माझ्या घरातून आवाज येतोय का? चार वर्षांत करंट बसतो म्हणून ह्या गल्लीतला एक माणूस उंबरा ओलांडून आला नव्हता.

"अरे कर की लवकर! अठ्ठावीस ओव्हर ऱ्हायल्यात!" अण्णा ओरडले.

"संमती लागंल, अण्णा."

"आण ती वही इकडं!"

पाच सह्या चार मिनिटांत झाल्या. उदगीरवाल्यानं फोनवरच होकार दिला, मास्तरांनी त्याच्या वतीनं सही ठोकली आणि खाली 'मान्य' असंबी लिहिलं. सेवा आधीच खंडित असल्यामुळं खंडित करायला कुणाची हरकत उरली नव्हती. अण्णांनी स्वतः कूलरचा प्लग काढला, स्वतःचं ड्रिल मशीन दिलं, स्वतःच्या भिंतीवर खूण करून दिली. मास्तरांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. टेलरनं कात्रीला धार लावून देऊ का म्हणून विचारलं.

आणि मी सहा वर्षांत पहिल्यांदा नियमाप्रमाणं जोड केले. वायर सरळ कापली. दातानं नाही, हत्यारानं सोलली. जाळी नीट मागं दुमडली, तिचा एक केसबी मधल्या तारेला लागू दिला नाही. कनेक्टर घालून पक्कडीनं दाबला, ओढून बघितला. वायरीला भिंतीजवळ खाली वाक दिला, म्हणजे पाऊस पेटीत शिरणार नाही. पेटी बंद. लोखंडापासून तीन फूट लांब. अण्णांनी कूलर परत लावला, मी मीटर लावला. शून्य.

खरं सांगतो, मला त्या जोडाचा मोबाईलमधी फोटो ठेवावा वाटला. ठेवलाय.

मॅचचे शेवटचे सहा चेंडू गल्लीनं एकत्र अण्णांच्या घरी बघितले. गुरम्मा आजींनी मधी येऊन वायर धरून बघितली. "काहीच लागंना गेलंय," म्हणाल्या आणि मागच्या गल्लीतल्या बायांना कळवायला गेल्या. सोमवारचा उपचार रद्द.

फॉर्म भरला. लाईन तुटण्याचं कारण: उंदीर. साहेबांनी उंदराचा फोटो मागितला, तो मी मोबाईलवर शोधून पाठवला. मंगळवारी हेल्मेट आल्यावर परत शिडीवर चढून फोटो काढला. गल्लीला 'सुरक्षित गल्ली' जाहीर करण्यात आलं. अण्णांचा कूलर अजून चावतो, पण आता फक्त मालकाला.

तर तुम्ही हे सगळं नीट वाचलं. उंदराला हसलात, उदगीरवाल्याला हसलात. मॅच कोण जिंकलं हेबी मनात आलं असंल. मधी एका बाईनं चालू वायर कापली. कात्री लोखंडाची होती, कूलर नुकताच भरलेला होता, हे मी तुम्हाला तिथंच सांगितलं होतं. तिला काय झालं, ते तुम्ही विचारलं नाही. गल्लीनंबी विचारलं नव्हतं.

काम झाल्यावर तिनं मला चहा आणून दिला. डाव्या हातानं. उजवा हात पदरात गुंडाळलेला होता.

मला वाटलं, वहिनी डावखुऱ्या असतील. चहा चांगला होता.