चेंबरच्या गॅस्केटसाठी तीन उमेदवार

आमच्या बंदरात बोटीचं इंजिन स्वतः मुलाखत घेतल्याशिवाय गळती रोखणारी कुठलीही पेस्ट गॅस्केटला लावून घेत नाही. अशा मुलाखती जमवण्यात अख्ख्या किनाऱ्यावर माझ्या तोडीचा मिस्त्री नाही. किनाऱ्यावर मिस्त्री मी एकटाच, ही गोष्ट वेगळी.

परवा चांगुणाबाय तांडेलच्या बोटीचं इंजिन उघडलं होतं. तेलाच्या चेंबरचं गॅस्केट गेलेलं. मासेमारीची बंदी त्याच दिवशी उठलेली. दुपारच्या भरतीवर बोट सुटली नाही तर पहिली मासळी दुसऱ्यांच्या जाळ्यात. चांगुणाबाय धक्क्याच्या फळीवर उभी राहून पाणी बघत होती.

"लगीन जमवताय की काय, मिस्त्री? आटपा!"

"घाई नको," इंजिन म्हणालं. "माझ्या पोटाला चिकटून राहायचंय तिला. चौकशी नको?"

पहिली आली तांबड्या पेस्टची बाटली.

"याआधी कुठे होतीस?"

"ट्रकात, साहेब."

"सोडलंस का?"

"तापमान मानवलं नाही."

"लिहा मिस्त्री, तडकते."

मी लिहिलं. 'तडकते'त एक काना जास्त पडला, तो इंजिनानंच खोडायला लावला.

दुसरी निळी ट्यूब. म्हणाली, "हवा पूर्ण कोंडल्याशिवाय मी सुकत नाही."

"म्हणजे झाकण लागल्यावर आत तू काय करतेस, ते बघणार कोण?"

निळीला मी टोपण लावून बाजूला ठेवलं. एवढा संशय माझ्यावर माझ्या सासऱ्यानंसुद्धा घेतला नव्हता, आणि त्याला कारणं होती.

तिसरी राखाडी सिलिकॉनची. "तेलाला मी भीत नाही, साहेब. पण जादा लावलं तर आत ओघळते. तुकडे सुटतात, तेलाची वाट अडते. मग भर समुद्रात इंजिन जाम."

चांगुणाबायनं पाण्यावरची नजर काढली. तिचे दोन्ही मुलगे त्याच बोटीवर जाणार होते.

"हिला हाकला," मी म्हटलं. "अपशकुनी आहे."

"हिला ठेवा," इंजिन म्हणालं. "आता तुम्ही बसा समोर."

भरती फळीला लागली होती. मी पान्यांच्या पेटीवर बसलो.

"जादा लावता?"

"चाळीस वर्षांत एकदाही नाही!"

चांगुणाबाय फळीवरून खाली आली. माझ्या मनगटावरचे, कोपरावरचे, विजारीवरचे वाळलेले राखाडी डाग तिनं एकेक करून बघितले.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ट्यूब तरी खरं बोलली."