ओळखीचं हॉटेल

ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरी कामाची अगदी न्याय्य वाटणी झाली. विमानाची तिकिटं, व्हिसाची कागदपत्रं, बेटावर नेणारी फेरी, दोघांची रजा आणि पॅकिंग एवढं विनिताकडे. माझ्याकडे एकच काम, हॉटेल. (मागच्या खेपेला माझ्याकडे दोन कामं होती. तो विषय आमच्याकडे काढत नाहीत.)

"सहा रात्री, कीथिरा बेट, खोलीतून समुद्र दिसला पाहिजे," विनिताने बजावलं. "आणि शंतनू, हॉटेल म्हणजे हॉटेल. कुणाचं घर नाही. ऑस्ट्रेलियात येऊन अकरा वर्षं झाली. अकराही वर्षांची ॲन्युअल लीव्ह पुण्याला तुझ्या आईकडे, ठाण्याला माझ्या आईकडे आणि उरलीसुरली नाशिकच्या मावशींकडे गेली. मला एकदाच अशा ठिकाणी जायचंय, जिथं मला कुणी ओळखत नाही आणि सकाळी उठल्याउठल्या कुणी 'किती पोळ्या लाटू गं' असं विचारत नाही."

मागणी रास्त होती. मी लॅपटॉप उघडला, हॉटेलं बघितली, रिव्ह्यू वाचले. पण खरं सांगतो, अनोळखी माणसाच्या रिव्ह्यूवर माझा विश्वास काही बसत नाही. आपण साधा प्लंबर बोलवायचा तरी आधी कुणाच्या ओळखीतला आहे का ते विचारतो. आणि इथं ऑस्ट्रेलियात, आमच्या वेरिबी गावात, कुंपणापलीकडे तर साक्षात कीथिराचा माणूस राहतो! स्टाव्हरोस. वय सत्तर, आयुष्यभर फ्लॉवरची शेती, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. म्हटलं, नुसतं विचारायला काय हरकत आहे?

"हॉटेल?" स्टाव्हरोसने हातातला फ्लॉवर खाली ठेवला. "मेट, तिथं माझी सख्खी आत्या असताना तू हॉटेलात उतरणार?"

"नाही, म्हणजे, त्यांना उगीच त्रास..."

"त्रास?"

हा चेहरा माझ्या चांगलाच परिचयाचा होता. नाशिकच्या मावशींचा अगदी अस्साच होतो. त्या चेहऱ्यापुढे मी आयुष्यात कधी टिकलेलो नाही. मी म्हणालो, "नो वरीज."

पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल लागला. कलियोपी आत्या, वय एक्क्याण्णव, मला बघून रडल्या. मीही डोळे पुसले. (समोर कुणी रडलं की मला आवरत नाही.) त्या भडाभडा ग्रीकमध्ये बोलत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण उद्धट दिसू नये म्हणून मी दर वाक्याला "यस, यस" म्हणत होतो. नंतर स्टाव्हरोसने उलगडा केला, की मी एका बारशाला यायला, तीन वेळा जेवायला आणि मागच्या खोलीला पांढरा रंग द्यायला कबूल झालोय.

विनिताला हे सांगायला मी चांगली वेळ शोधत होतो. ती सापडायच्या आत स्टाव्हरोसने सामान पोचवायला सुरुवात केली. आत्याला गुडघ्याचे पट्टे, आत्याला लोकरीचं पांघरूण, आत्याच्या जावेला स्लीपर. मी सगळं गुपचूप गॅरेजमध्ये रचत होतो. शनिवारी शिलाई मशीन आलं. ते लपेना.

"हे कुणाचं?" विनिता म्हणाली.

"स्टाव्हरोसचं. कीथिराला पोचवायचंय. आपल्या वाटेवरच आहे."

"कशाच्या वाटेवर?"

"हॉटेलच्या."

"बरं. नाव तरी काय हॉटेलचं?"

"कलियोपी."

"छान आहे की नाव. समुद्र दिसतो ना?"

"दिसतो की. गच्चीवर चढलं आणि शेळ्या बाजूला केल्या की दिसतो."

"शेळ्या? स्विमिंग पूल तरी आहे का?"

"विहीर आहे."

"ब्रेकफास्ट?"

"तिन्ही वेळचं आहे. नको म्हणायची सोय नाही."

"शंतनू, चेक-इन किती वाजता आहे?"

"कधीही. त्या दारातच बसलेल्या असतात."

"त्या कोण?"

मग मात्र मला सगळं सांगावं लागलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडा खाण्यात अकरा वर्षांत मी चांगला तयार झालोय. पण विनिता ओरडली नाही. ती शिलाई मशीनशेजारी खालीच बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"मला फक्त सहा दिवस कुणाचीही सून व्हायचं नव्हतं रे," ती म्हणाली. "तू मला ग्रीसमध्ये सासर शोधून दिलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक उठलो आणि कुंपणाशी गेलो. आज स्पष्ट सांगायचं, आम्ही हॉटेलातच उतरणार म्हणजे उतरणार! दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा माझ्या हातात आत्याच्या शेजारणीसाठी प्रेशर कुकर होता.

"दे तो इकडे," विनिता म्हणाली, आणि कुकर घेऊन स्वतःच गेली.

दोन तास झाले तरी ती येईना. पलीकडून आधी स्टाव्हरोसचा आवाज आला, मग त्याचा आवाज बंद झाला. (हे मी या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होतो.) शेवटी विनिता आली ती स्टाव्हरोसच्या बायकोला, डेस्पिनाला, बरोबर घेऊन. दोघी हसत होत्या. कुकर कुठं दिसत नव्हता.

"हिच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली," विनिता सांगू लागली. "चौदा वेळा ग्रीसला गेली. चौदाही वेळा त्या आत्यांकडे. भांडी घासली, पाहुण्यांची कॉफी केली. स्वतःच्या देशात हिनं हॉटेलची खोली आतून पाहिलेली नाही! आता बघेल. मी बुक केलं आत्ताच. समुद्राकाठी, सहा रात्री."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "वा! आपल्या शेजारचीच खोली का हिची?"

"एकच खोली घेतलीय. दोघींसाठी."

"आणि मी?"

"तुझं कलियोपीला बुकिंग आहे ना? आत्या वाट बघतायत. रंगाचे डबे आणून ठेवलेत म्हणे. स्टाव्हरोसचं सामानही तूच पोचव, तुझ्या वाटेवर आहे."

मी केविलवाणा हसलो. "अगं, तुला नातेवाईक नको होते, ते मला पटलंय. पण मी तुझा नवरा आहे. मी काय नातेवाईक आहे का?"

हे मी मराठीत विचारलं होतं. तरी आधी डेस्पिनाच हसली.