रेडिओच्या पोटात कॉम्प्युटर

बंद पडलेल्या वस्तूला बंद पडली म्हणायला कितीशी हिंमत लागते, सांगा पाहू?

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं! पण आमच्या घरात तेवढीही कुणाजवळ नव्हती. वस्तू म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा, व्हॉल्व्हचा रेडिओ. चांगली ट्रंकेएवढी लाकडी पेटी, समोर सोनेरी जाळीचं कापड, त्याखाली स्टेशनांची काचेची पट्टी आणि दोन गोल बटणं. हा रेडिओ काही वर्षांपूर्वी गेला. म्हणजे आवाज गेला, पट्टीमागचा दिवा तेवढा लागायचा. त्याच सुमारास अण्णांचे कानही गेले. त्यामुळे झालं असं, की रोज संध्याकाळी अण्णा खुर्ची ओढून बसायचे, बटण फिरवायचे, दिवा लागला की मान खाली घालून तासभर ऐकायचे. काय ऐकायचे ते देव जाणे.

पहिल्या दिवशी मी सांगायला गेले होते. पण ते इतक्या मन लावून बसले होते, की त्यांच्या कानाशी ओरडताना माझ्या तोंडून भलतंच निघालं, "काय म्हणतात बातम्या?"

"विशेष काही नाही," अण्णा म्हणाले.

झालं! तेव्हापासून सगळं घर संध्याकाळी रेडिओ चालू असल्यासारखं वागू लागलं. आम्ही हळू बोलायचो. भांडी सांभाळून ठेवायचो. पाहुणे आले तर त्यांना खुणेनं गप्प करायचो. (एका पाहुण्यांनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?") म्हाताऱ्या माणसाला कशाला कळू द्यायचं, की आपण इतके दिवस मुक्या पेटीपुढे बसतोय? कळलं तर काय वाटेल त्यांना? एवढ्या एका काळजीवर आमचं नाटक चाललं होतं.

मग अण्णा थोडे दिवस लेकीकडे राहायला गेले, आणि वन्संचा फोन आला.

"वहिनी, आनंदाची बातमी! अण्णांना कानाचं मशीन बसवलं. आता टाचणी पडली तरी ऐकू येतं. परवा आणून सोडते."

"अरे वा," मी म्हणाले आणि खुर्चीवर बसले. खुर्ची नव्हती, ती बादली होती.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. त्यांना बूटही काढू दिले नाहीत मी. "अहो, अण्णांना ऐकू यायला लागलंय!"

"छान झालं की."

"छान काय छान! परवा ते रेडिओ लावणार आणि त्यांना काहीच ऐकू येणार नाही!"

यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, या जातीचे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, पेटी मात्र झकास आहे. 'पेटी झकास आहे' हे वाक्य यांच्या डोक्यात घुसलं आणि मला धडकी भरली. कारण आमच्या ह्यांना स्क्रूड्रायव्हरचा भारी नाद. घरातली एकही वस्तू अशी नाही की जी यांनी उघडली नाही, आणि फारच थोड्या अशा, ज्या पुन्हा नीट मिटल्या.

"तुझा कॉम्प्युटर आत बसवू," हे म्हणाले.

"कशाच्या आत?"

"रेडिओच्या. अण्णांनी बटण फिरवलं की कॉम्प्युटर सुरू. कॉम्प्युटरवर बातम्या लागतात. त्या रेडिओच्या कर्ण्यातून ऐकू येतील. तुझा तो पत्र्याचा डबाही टेबलावरून जाईल. बोल!"

मी घरी टायपिंगची कामं करते. छापखानेवाले हस्तलिखितं देतात, मी ती टाईप करून पाठवते. कॉम्प्युटर हे माझं पोटापाण्याचं साधन. ते उचलून दुसऱ्याच्या पोटात घालायचं म्हणजे... पण डोळ्यांसमोर अण्णा आले. मी "हो" म्हणाले. (यांना "हो" म्हणण्याआधी माणसानं पाणी प्यावं, थोडं फिरून यावं, असा माझा आता सगळ्यांना सल्ला आहे.)

यांनी रजा टाकली. मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढला, तर आत धुळीचा गालिचा. काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह, तारा, लोखंडी चौकट असं सगळं बाहेर आलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. मी रिकाम्या पेटीत डोकावून बघितलं.

"अहो, परत बसेल ना हे?"

"परत कशाला बसवायचं?" असं म्हणून यांनी एक तार कात्रीनं कापली. मग मी विचारायचं सोडून दिलं.

प्लायवूडच्या फळीवर मदरबोर्ड बसला. पंखा पाठीमागे भोकांच्या समोर आला. स्क्रीन आणि कीबोर्ड तारा लांबवून आतल्या खोलीत नेले, म्हणजे मी तिथे बसून बातम्या लावणार, आणि दिवाणखान्यात रेडिओ बोलणार. अडलं ते बटणावर. रेडिओचं बटण एकदा फिरवलं की फिरलेलंच राहतं, आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून सोडावं लागतं. त्यामुळे कॉम्प्युटर सुरू व्हायचा, जरा थांबायचा आणि आपला आपण बंद पडायचा. शेवटी बॉलपेनमधली स्प्रिंग घालून यांनी बटण आपोआप मागे येईल असं केलं. आमच्या लेकीचं पेन होतं ते.

लेक कॉलेजातून आली. टेबलाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. "आजोबांना सरळ सांगा ना, रेडिओ बिघडलाय म्हणून."

"गप्प बस," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"कॉम्प्युटर सुरू व्हायला एवढा वेळ लागतो, त्याचं काय?"

"व्हॉल्व्हचा रेडिओही तापायला वेळ घ्यायचा," हे ऐटीत म्हणाले. "त्यांना सवय आहे."

हे एक तेवढं खरंच जमलं होतं. बाकी सगळं जमायचं होतं, आणि अण्णा दारात उभे होते.

वन्सं त्यांना सोडून लगेच परतल्या. अण्णांच्या कानामागे भुईमुगाच्या दाण्याएवढं मशीन. घरात शिरल्या शिरल्या म्हणाले, "तुमचा नळ गळतोय. पंखा कुरकुरतोय. आणि सूनबाई, तुझ्या बांगड्या किती वाजतात गं!" दुपारभर मी बांगड्या कोपरापर्यंत चढवून वावरले. हे घाबरून टाचा उचलून चालत होते. लेक तोंडावर उशी धरून हसत होती.

संध्याकाळी अण्णांनी खुर्ची ओढली. मी आतल्या खोलीत धावले. दार लोटलं, फटीशी लेकीला पहाऱ्याला ठेवलं. टक्! बटण फिरलं. यांनी जोडून ठेवलेला पट्टीमागचा दिवा लागला. आत माझा स्क्रीन हळूहळू उजळला. धांदलीत पासवर्ड दोनदा चुकला.

तिसऱ्यांदा जमला, आणि इंटरनेट गेलेलं!

"अहो, नेट नाही!" मी तोंडातल्या तोंडात ओरडले.

"काहीतरी लाव!" हे दाराआडून पुटपुटले. "पेटी मुकी राहता कामा नये!"

आता 'काहीतरी' म्हणजे माझ्याजवळ काय? टाईप केलेलं तपासायला मी कॉम्प्युटरकडून मोठ्यानं वाचून घेते, म्हणजे चुका कानाला कळतात. घाईत तेच सुरू केलं. आणि दिवाणखान्यात, इतक्या वर्षांनी, अण्णांचा रेडिओ बोलला :

"कोंबड्यांना स्वच्छ पाणी द्यावे पूर्णविराम आजारी कोंबडी वेगळी ठेवावी स्वल्पविराम अन्यथा सर्व खुराडे आजारी पडते पूर्णविराम."

छापखान्याचं ते कुक्कुटपालनाचं पुस्तक होतं. मी डोळे मिटून घेतले.

"आजोबा काय करतायत?" मी विचारलं.

"मान डोलावतायत," लेक म्हणाली. "आई, पुढे अंड्यांचा भाग येईल. बंद कर."

बंद केलं. आता पुन्हा शांतता. टेबलावर कालचं वर्तमानपत्र पडलेलं दिसलं आणि कॉम्प्युटरला लावलेला माईकही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा मी तो माईक धरला. घसा जरा जाड केला. "आता... ऐका... बातम्या."

आयुष्यात शाळेच्या स्नेहसंमेलनातही मी बोलले नव्हते. पण वाचत सुटले. मंत्र्यांचं भाषण वाचलं. पुलाचं उद्घाटन वाचलं. गडबडीत पान उलटलं आणि "दोन खोल्यांचा ब्लॉक भाड्याने देणे आहे, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य" हेही त्याच गंभीर आवाजात वाचलं. बाहेरून हूं नाही की चूं नाही. म्हणजे जमतंय! मला चक्क हुरूप आला. "आता हवामान," मी म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

दिवाणखान्यातून अण्णांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "सूनबाई, ही चौथी शिट्टी. गॅस बंद कर."

आणि मी, सवयीनं, माईकमधूनच, हवामानाच्या जाड आवाजात म्हणाले, "हो अण्णा, करते."

रेडिओ ते सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलला.

लेक जमिनीवर बसली होती. हे दाराला टेकून भिंतीकडे बघत होते. मी बाहेर आले, आधी गॅस बंद केला (कुकर थोडाच थांबतो कुणासाठी), आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, चुकलं आमचं. रेडिओ केव्हाच बंद पडलाय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"ठाऊक आहे की मला," अण्णा म्हणाले. "बंद पडला तेव्हा धूर निघाला होता. माझे कान गेले होते, नाक नव्हतं गेलं."

हे भिंतीपासून वळले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू उघडला असतास."

मी विचारलं, "मग रोज तासभर बसायचात कशाला त्याच्यासमोर?"

अण्णा जरा ओशाळले. पट्टीच्या काचेवरून बोट फिरवत म्हणाले, "अगं, दिवसभर तुम्ही कुणी ना कुणी कानाशी येऊन ओरडून विचारता. गोळी घेतलीत का, स्वेटर घातलात का, पाय दुखतोय का. प्रेमानंच विचारता, माझी तक्रार नाही. पण रेडिओ लावला की तुम्ही सगळे गप्प व्हायचात. तेवढा एक तास मला कुणी काही विचारायचं नाही. तुझी सासू गेल्यावर तेवढा एकच तास मी तिच्याशी निवांत बोलायचो." मग पेटीकडे बघून म्हणाले, "आता हाही बोलायला लागला. आणि बोलतो तो तुझ्या आवाजात."

मला रडू आलं आणि हसूही आलं. "अण्णा, मी आत्ता बंद करते त्याला. कायमचा. यापुढे कुणी तुम्हाला त्रास देणार नाही. पण एवढ्या गडबडीत तुम्ही गोळी घेतलीत का?"

अण्णांनी एक सुस्कारा सोडला आणि कानामागचं मशीन काढून खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी न्हाणीघराबाहेरच्या बंद वॉशिंग मशीनसमोर खुर्ची मांडली, त्याच्या काचेवर नजर लावून ते तासन्‌तास बसून राहिले, आणि त्यांना उठवायला नको म्हणून मी सगळ्या घराचे कपडे हातांनी धुतले.